जाताना जमिनीवरून, येताना विमानाने

विमान सुटायला एकोणीस तास होते. आणि ज्या बाईच्या नावावर तिकीट होतं, ती बाई तेव्हा आंध्र प्रदेशात कुठेतरी ट्रेनच्या खालच्या बर्थवर बसून भाकरी आणि सुकट खात होती.

हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर बसलेल्या तिच्या मुलाला माहीत होतं, पण त्यात काही बिघडलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी मुंबईजवळच्या पापडीत एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसमध्ये तिकिटिंग करते. दोन टेबलं, एक प्रिंटर, आणि मालक बावतीस अंकल. ते सांडोरहून सायकलने येतात आणि मागच्या कॅरियरला केळ्यांची एक फणी असतेच. मी राहते बोळिंजला. तिथल्या सोसायट्यांच्या पाण्याच्या मोर्च्यासाठी मी कॉलेजात असताना पत्रकं लिहायची, घरोघरी वाटायची. ती सवय अजून गेलेली नाही. काही चुकीचं दिसलं की माझ्या डोक्यात आपोआप मथळा तयार होतो. म्हणून अंकल मला नावाने कमी आणि 'पत्रकवाली' म्हणून जास्त हाक मारतात.

तर रोशन. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. वडील अजून होडीवर जातात, आई मार्था मावशी मासळी विकते, आणि हा शिपवर इंजिन रूममध्ये आहे. त्याने तिकीट आमच्याकडून काढलेलं नव्हतं, एका ॲपवरून काढलं होतं. आमच्याकडे फक्त व्हीलचेअर सांगायला आला होता.

"आईला परत येताना व्हीलचेअर पाहिजे," तो म्हणाला. "त्रिची ते चेन्नई, मग विमान बदलून मुंबई. ॲपवर ऑप्शनच सापडत नाही."

"गुडघे दुखतात का?"

"छे! डोक्यावर टोपली घेऊन होळी बाजारापर्यंत चालत जाते. पण एकटी आहे, इंग्लिश येत नाही. व्हीलचेअरवाला बरोबर दुसऱ्या विमानापर्यंत सोडतो ना."

हे बरेच लोक करतात. मला पटत नाही. खरंच पाय नसलेला माणूस त्या वेळी खुर्चीची वाट बघत बसतो. मी त्याला म्हटलं, व्हीलचेअर नको, सोबतीला माणूस देण्याची वेगळी सोय असते, ती सांगू. तो बरं म्हणाला. मी त्याच्या फोनवरचं तिकीट बघितलं. मुंबई ते त्रिची, उद्या सकाळी. त्रिची ते मुंबई, नऊ तारखेला. दोन्ही एकाच तिकिटावर.

"मग उद्या सकाळी जातानाही माणूस लागेल ना?"

"जाताना नको. ते विमान सोडायचंय."

"सोडायचंय म्हणजे?"

"म्हणजे आई ट्रेनने गेली. काल. चर्चच्या ग्रुपबरोबर, त्रिचीच्या पुढे वेलंकनी मातेच्या सणाला. येताना तेवढी विमानाने येणार."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

आधी त्या घरची गोष्ट सांगते, नाहीतर मार्था मावशीने असं का केलं ते कळणार नाही. मागच्या वेळी रोशनचं जहाज कुठल्याशा गडबडीच्या समुद्रात अडकलं होतं. तीन आठवडे फोन नाही, मेसेज नाही. मावशीने वेलंकनी मातेला नवस केला, पोरगा घरी आला तर तुझ्या दारात जमिनीवरून येईन. उडत नाही, बोटीने नाही, जमिनीवरून. पोरगा आला. आल्यावर त्याने प्रेमाने आईसाठी विमानाचं येण्या-जाण्याचं तिकीट काढलं आणि प्रिंट तिच्या हातात ठेवली. तिने ती प्रिंट घडी करून देव्हाऱ्यातल्या क्रूसामागे ठेवली आणि म्हणाली, छान आहे. ग्रुपच्या ट्रेनमध्ये तिने नाव आधीच दिलं होतं.

मग मायलेकांनी आपसात तोडगा काढला. जाताना नवस, येताना विमान. नवस जाण्याचा होता, परत कसं यायचं यावर मातेशी काही बोलणं झालेलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांना हे एकदम पटलं. मलाही पटलं असतं, मी तिकिटिंगमध्ये नसते तर.

आणि येताना विमान लागणारच होतं. ग्रुपची परतीची ट्रेन बारा तारखेला पोहोचणार. रोशनला अकराच्या सकाळी निघायचं होतं, नऊ महिन्यांसाठी. त्यांच्या घरी माणूस समुद्रावर निघाला की आई दारात उभी राहून अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढते, मगच तो उंबरा ओलांडतो. वडील होडीवर जायचे तेव्हा आजी काढायची. आता मावशी काढते. मागच्या वेळी निघताना ती तापाने आजारी होती, हॉस्पिटलात. क्रूस राहून गेला होता. आणि त्याच फेरीत जहाज अडकलं. मावशीच्या मनात या दोन गोष्टींची जी गाठ बसली होती, ती सोडवायला कोणी जाऊ नये.

"रोशन," मी म्हटलं, "उद्या सकाळी तुझी आई त्या विमानात बसली नाही, तर नऊ तारखेचं तिकीटही रद्द होणार."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

"असं कसं? पैसे दोन्हीचे भरलेत. एक नाही वापरलं तर त्यांचंच बरं ना, एक सीट रिकामी."

अंकलनी तोवर खालचा खण उघडला होता. त्यात त्यांनी एक जुनं विमानाचं तिकीट जपून ठेवलंय, कागदी, मागे लाल कार्बन असलेलं. ते त्यांनी टेबलावर पसरलं.

"हे बघ बाबा. पूर्वी तिकीट म्हणजे असं पुस्तक असायचं. प्रत्येक प्रवासाचं एक पान. त्याला कूपन म्हणायचं. पहिलं कूपन काउंटरवर फाडलं, की दुसरं चालू. पहिलं न फाडता दुसरं घेऊन गेलास, तर काउंटरवाला म्हणणार, हे चालत नाही. आता कागद गेला, पण कॉम्प्युटरच्या पोटात तेच पुस्तक आहे. पहिल्या विमानाला तू आला नाहीस, की तुझ्या नावापुढे नो-शो लागतो. नो-शो म्हणजे न सांगता गैरहजर. मग पुढची सगळी पानं बाद."

"सगळ्या कंपन्यांत?"

"सगळ्यांत नाही. काही ठिकाणी जाणं वेगळं, येणं वेगळं धरतात. म्हणून तर वाचायचं असतं. तू काढलंस त्याच्यात आहे."

रोशनचा चेहरा उतरला. त्याने फोन काढून आईला लावला. रेंज नाही. परत लावला. रेंज नाही.

"फोन ठेव," मी म्हटलं. "अजून विमान सुटलेलं नाही. नो-शो लागायच्या आधी आपण कळवलं, तर पहिला भाग नीट काढून टाकता येतो."

मी हे ज्या तोऱ्यात म्हटलं, तो तोरा पुढच्या दीड तासात उतरला.

ॲपवर एकच बटण होतं, पूर्ण ट्रिप रद्द करा. अर्धी रद्द करायची सोय नाही. चॅटवर यंत्र बोलत होतं. आम्ही लिहिलं, फक्त जाण्याचं विमान रद्द करायचं आहे. त्याने विचारलं, तुम्हाला हॉटेल हवं आहे का? मग खरा माणूस फोनवर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, ये तो एअरलाइन का रूल है, आप एअरलाइन से बात कीजिए." एअरलाइनला लावला. तिथला मुलगा म्हणाला, "सर, टिकट एजंट ने इश्यू किया है, चेंज एजंट ही करेगा." पुन्हा ॲप. पुन्हा एअरलाइन. मध्ये मध्ये होल्डवरची ती वाजंत्री.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहून बोलायला लागले.

"ही लूट आहे! सरळ सरळ फसवणूक. गिऱ्हाइकाला घ्यायला बोटाचा एक टॅप, आणि सोडवायला गेलं की दोघं एकमेकांच्या दारात ढकलतात. मी याच्यावर पत्रक काढणार. मथळा असा देणार..."

"पत्रकवाली," अंकल केळं सोलत म्हणाले, "मथळा राहू दे. तू फेअर रूल वाचलेस का?"

फेअर रूल म्हणजे त्या तिकिटाच्या अटी. काय बदलता येतं, कधीपर्यंत, कोणी. प्रत्येक तिकिटाला असतात.

"नाही," मी म्हटलं.

"दीड तास भांडतेस आणि वाचलं नाहीस?"

"ते लपवून ठेवतात, अंकल!"

"लपवलेलं आधी वाचायचं. भांडायला जागा तिथेच सापडते."

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. मी वाचायला बसले. अटी होत्या. फिकट राखाडी अक्षरात, इंग्रजीत, चौथ्या पडद्यावरच्या एका बारीक शब्दावर बोट ठेवलं तरच उघडणाऱ्या. पण होत्या. आणि त्यात सरळ लिहिलं होतं, प्रवास ठरलेल्या क्रमानेच करावा, नाहीतर पुढचा प्रवास रद्द. त्याच्याच खाली, सुटण्याआधी कळवल्यास बदल करता येईल. रोशनने 'मला मान्य आहे' या चौकोनावर टिक केली होती.

"तू वाचलं होतंस?" मी विचारलं.

"कोण वाचतं?" तो म्हणाला. "जहाजावर मॅन्युअल वाचतो ना एवढं जाड. घरी आल्यावर पण वाचायचं?"

आता पुढचं. ॲपवरून तिकीट काढलं की दोन नंबर मिळतात, आणि लोकांना एकच माहीत असतो. मोठ्या अक्षरात जो असतो तो ॲपचा बुकिंग आयडी. तो ॲपच्या बाहेर कुठेच चालत नाही. दुसरा असतो सहा अक्षरांचा पीएनआर. तो विमान कंपनीचा. तो घेऊन कंपनीच्या साइटवर गेलं की आपलं तिकीट कंपनीला जसं दिसतं तसं आपल्याला दिसतं. मी त्या सहा अक्षरांनी आत गेले.

आणि तिथे लाल पट्टी होती.

नऊ तारखेचं त्रिची ते चेन्नई विमान कंपनीने तीन तास पुढे ढकललं होतं. म्हणजे ते चेन्नईला उतरायच्या आधीच तिथून मुंबईचं विमान उडालेलं असणार. मावशी उद्या शहाण्यासारखी विमानाने गेली असती, तरी परतताना चेन्नईत अडकली असती.

"मला काहीच आलं नाही," रोशन म्हणाला. "ना मेसेज, ना मेल."

मी संपर्काचा रकाना बघितला. मोबाइल नंबर ॲपचा. ईमेल ॲपचा. कंपनीने कळवलं होतं, ॲपला. ॲपने ते कुठल्या ढिगात टाकलं ते देव जाणे. इथे मी पुन्हा उभी राहणार होते. अंकलनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बसले.

"आता दोर आपल्या हातात आला," ते म्हणाले. "वेळ कंपनीने बदलली. तिने बदलली की दुरुस्तही तिनेच करायची. एजंटकडे जा म्हणायची सोय संपली. लाव फोन. आवाज खाली ठेव."

या वेळी एक बाई होत्या. मी पीएनआर दिला, वेळ बदलल्याचं सांगितलं. त्यांनी तपासलं. म्हणाल्या, बरोबर आहे, कनेक्शन तुटतंय, नऊ तारखेला सकाळच्या विमानाने पाठवता येईल. तिकीट नव्याने काढावंच लागणार.

"मैडम, नया निकाल ही रहे हैं, तो कल वाला पहला सेक्टर हटा दीजिए. पैसेंजर नहीं जा रही हैं." सेक्टर म्हणजे प्रवासाचा एक तुकडा.

"हो जाएगा. बुकिंग वाले नंबर पर ओटीपी भेज रही हूँ."

बुकिंगचा नंबर. ॲपचा नंबर. ओटीपी कुठल्याशा शहरातल्या कुठल्याशा टेबलावरच्या फोनवर वाजला असेल.

मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो पैसेंजर से खुद बात करा दीजिए. उनको बोलना पड़ेगा कि पहला सेक्टर वो अपनी मर्ज़ी से छोड़ रही हैं."

रोशन आईला लावत होता. रेंज नाही. ग्रुपच्या लीडर आंटीला लावला. रेंज नाही. त्या बाई लाइनवर थांबल्या होत्या, आणि अशा लोकांना फार वेळ थांबता येत नाही. अंकलनी केळ्याचं साल बाजूला ठेवलं. पाचव्या वेळी आंटीच्या फोनवर रिंग गेली. मागे पूर्ण डबा माळेची प्रार्थना म्हणत होता.

"आंटी, आईला फोन दे! लवकर!"

"माळ चाललीय रे. दहा मणी राहिलेत."

"आंटी, विमान जाईल!"

फोन हातोहात सरकला. मी दोन्ही फोन स्पीकरवर एकमेकांना चिकटवून धरले.

"कोन बोलतंय?" मावशीचा आवाज. त्या आवाजाला पाचूबंदरच्या बाजारात माईक लागत नसणार.

"नमस्ते मैम, आपका पूरा नाम?"

मावशीने नाव सांगितलं. नवऱ्याचं, सासऱ्याचं, आडनावासकट.

"रिटर्न में कहाँ से कहाँ जाना है?"

"वेलंकनीवरून पाचूबंदर."

"मैम, पाचूबंदर हमारे यहाँ एअरपोर्ट नहीं है."

"अगो मग बांधा! मानसं काय कमी हायेत?"

रोशनने कपाळावर हात मारला. "आई, मुंबई सांग, मुंबई!"

"हां, मुंबै. त्रिचीवरून मुंबै."

"कौन सी तारीख को?"

"सनाच्या दुसऱ्या दिवशी."

त्या बाईंना सण कुठला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी मध्ये बोलायला गेले, त्यांनी मला थांबवलं. प्रवाशानेच सांगायचं. इकडे रोशन बोटांनी नऊ दाखवत होता, जणू आईला आंध्रात दिसणार होतं. मागे डब्यात माळ संपली. एकदम शांतता. आणि त्या शांततेत मावशी म्हणाली,

"थांब, मोजते. सन आठला. मग नऊ. नऊ तारीख."

"और कल की फ्लाइट आप अपनी मर्ज़ी से छोड़ रही हैं?"

"मातेला सबूद दिलाय बाय, जमिनीवरून येईन म्हनून. जाताना मी इमानात बसनार नाय. येताना बसनार. पोराच्या कपालावर क्रूस काढाचाय मला, तो शिपवर चाललाय. अकराला. तुजी आई हाय ना? तुला कळंल."

हे सगळं मराठीत, आणि तेही पाचूबंदरच्या मराठीत. त्या बाईंना किती कळलं मला माहीत नाही. मग त्या म्हणाल्या, "ठीक है अम्मा. मैं इसको 'हाँ' लिख रही हूँ."

पाच मिनिटांनी रोशनच्या मेलवर नवीन तिकीट आलं. एकच पान. नऊ तारीख, सकाळ, त्रिची, चेन्नई, मुंबई. संपर्काच्या रकान्यात, मी त्या बाईंना सांगितल्याप्रमाणे, त्याचा स्वतःचा नंबर. आणि त्याखाली, सोबतीला मदतनीस. रोशनने तिकीट तीनदा वाचलं. या वेळी खालची बारीक अक्षरंही.

तो गेल्यावर मी पत्रक लिहायला बसले. चांगलं अडीच पानी झालं. राखाडी अक्षरं, लपवलेला पीएनआर, एकच बटण, सगळ्यांची नीट हजेरी घेतली. अंकलनी चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"चांगलंय. आता एक सांग. आपल्याकडे काल ते बोळिंजचे जोशी परतीचं तिकीट घेऊन गेले. त्यांना तू हा नियम सांगितलास?"

मी अडीच पानं उलटी करून टेबलावर ठेवली.

"मीपण नाही सांगत," ते म्हणाले. "विचारलं तर सांगतो. तिकीट काढून झालं की आपलं लक्ष पुढच्या माणसाकडे. म्हणजे राखाडी अक्षरं आपलीही आहेत. फक्त आपण ती तोंडात ठेवतो."

हे मला फार लागलं. अजूनही ॲपवाल्यांवरचा माझा राग गेलेला नाही, जायचं कारणही नाही. मान्यतेच्या चौकोनावर टिक घेण्याआधी दोन ओळी मोठ्या अक्षरात, माणसाच्या भाषेत लिहायला कोणाचं काय जातं? प्रवाशाचा नंबर प्रवाशाचाच टाकायला काय अडचण आहे? मी त्यांना लिहिलंय. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी पुन्हा लिहिलंय. लिहीत राहणार आहे. पण अडीच पानं बाजूला ठेवून मी आधी चार ओळींचं एक पत्रक केलं आणि ते आमच्याच काउंटरच्या काचेवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लावलं. तिकीट हातात देताना ते मी मोठ्याने वाचूनही दाखवते. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान मार्था मावशीशिवाय उडालं. मी ऑफिसात येऊन पहिलं काम केलं ते पीएनआर तपासण्याचं. नऊ तारीख, कन्फर्म्ड. दुपारी पुन्हा तपासलं. आठ तारखेलाही तपासलं. काही कारण नव्हतं, पण तपासलं.

बारा तारखेला मावशी स्वतः ऑफिसात आली. सरळ चालत, डोक्यावर टोपली. मला मातेच्या दारातल्या तेलाची छोटी बाटली दिली, अंकलना सुके बोंबील. चेन्नईला मदतनीस पोरीने हात धरून दुसऱ्या विमानापर्यंत सोडलं म्हणाली, आणि वाटेत त्या पोरीच्या लग्नाचं जमवायची जबाबदारी हिने घेतली.

"विमान कसं वाटलं?" मी विचारलं.

"बरं हाय. पन बारी उघडत नाय." बारी म्हणजे खिडकी.

"आणि रोशन?"

"गेला काल सकाळी." तिने अंगठा वर करून दाखवला, कपाळावर टेकवतात तसा. "दोनदा काढला. एक मागचा राहिलेला."

अंकलनी नाक शिंकरल्यासारखं केलं आणि उगाच प्रिंटरकडे गेले.

निघताना मावशी काचेसमोर थांबली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. येण्या-जाण्याचं तिकीट एक असेल तर पहिलं विमान चुकवू नका, दुसरंही जाईल. बेत बदलला तर विमान सुटायच्या आधी सांगा. सहा अक्षरांचा पीएनआर मागून घ्या. तिकिटावर फोन नंबर स्वतःचाच आहे का बघा.

तिने मान डोलावली. टोपली डोक्यावर घेतली.

"मी या येलेलाबी नवस बोललेय," ती म्हणाली. "पोरगा परत आला की जानार. तिकीट तू काढ. पोराला सांगू नको. आनि फक्त येतानाचं काढ."